रबर बसवणारे मामा

"ओढू नका न भाऊ. त्याले बसू द्या," असं म्हणत मामा गिऱ्हाइकाच्या हातातलं रबर काढून घ्यायचे. दिग्रसच्या बसस्टँडमागे त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. जुन्या गाड्यांच्या काचांभोवतीचं कडक झालेलं, तडकलेलं रबर काढायचं आणि नवं बसवायचं, एवढंच काम ते करायचे. इंजिन, ब्रेक, टायर यांच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. अख्खं गाव त्यांना मामाच म्हणायचं.

अशी माणसं तुमच्याही गावात असतील. त्यांच्याकडे घाईत गेलं की आपलंच डोकं तापतं. माझंही तापलं होतं. दुसरीकडे तासाभरात होणाऱ्या कामाला मामांनी दोन दिवस सांगितले. आधी नवं रबर उन्हात पसरून ठेवलं. मग काचेच्या चौकटीपेक्षा दोन बोटं जास्त कापलं आणि दोन्ही टोकांकडून मध्ये रेटत रेटत खाचेत बसवलं.

"दोन बोटं जास्त कायले?" मी विचारलं.

"ओढून बसवलं तर आज मापात दिसते. उन्हाळ्यात आटते, अन् कोपरा उघडा पडते."

नंतर डोळे मिटून त्यांनी सगळ्या रबरावर अंगठा फिरवला. कुठे ओढलं गेलं असेल तर तिथे ते पातळ लागतं म्हणे. मीही बोट फिरवून पाहिलं. मला सगळं सारखंच लागलं.

रबर डिझेलने पुसणारे आणि चकाकावं म्हणून त्याला खोबरेल चोळणारे, हे त्यांचे खास शत्रू. "तेल डोक्याले लावा साहेब," ते शांतपणे सांगायचे, "तिथं गरज हाय." त्यांच्याकडे स्वतःची गाडी नव्हती. काळीपिवळी जीपमध्ये बसले की आधी खिडकीचं रबर चाचपायचे आणि मग ड्रायव्हरला त्याविषयी ऐकवायचे. दारव्हा येईस्तोवर तो बिचारा नुसती मान डोलवत राही.

माझी घाई आईसाठी होती. आईला दमा आहे. दर महिन्याला तिला यवतमाळला डॉक्टरांकडे न्यावं लागतं. त्या वर्षी रस्ता रुंद करायला खोदून ठेवला होता आणि आमची गाडी वडिलांच्या वेळची. काचा बंद केल्या तरी फटींतून धूळ आत यायची. आई ओला पदर नाकाला लावून बसायची, तरी दारव्ह्याच्या आधीच तिला धाप लागायची. एकदा रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून तोंडात पंप मारला, तरी तिचा श्वास जागेवर येईना. ती दहा मिनिटं मला कधी विसरता येणार नाहीत. दुसऱ्याच दिवशी मी मामांकडे गेलो होतो.

डिसेंबरात त्यांनी चारही दारांच्या काचांचं रबर बदललं. पुढच्या फेरीला आईचा पदर खांद्यावरच राहिला. यवतमाळपर्यंत तिने आमच्या झाडून सगळ्या नातेवाइकांचा समाचार घेतला. मला तो समाचार इतका गोड कधी लागला नव्हता.

मार्चमध्ये मात्र तिचा खोकला पुन्हा सुरू झाला. डॉक्टरांनी औषध वाढवलं. आता वयाप्रमाणे असंच चालायचं, अशी मी मनाची समजूत घातली. आई तर म्हणाली, "मले नको नेऊ आता. तू जाऊन गोळ्याच आणत जाय." तिने आशा सोडली, हे मला कळत होतं.

एप्रिलच्या एका दुपारी मामा घरी आले. डोक्याला दुपट्टा, हातात पिशवी. नमस्कार झाला न झाला तोच म्हणाले, "भाऊ, तुमच्या गाडीचं रबर माह्या हातून कुठंतरी ओढल्या गेलं असन. पाहू द्या."

मागच्या डाव्या दाराच्या काचेचा कोपरा खरंच उघडा पडला होता. आगपेटीची काडी जाईल एवढी फट. आई त्याच बाजूला बसते. मी रोज ते दार उघडत होतो, पण ती फट मला दिसली नव्हती.

मामांनी रबर काढून नवं बसवायला घेतलं. डाव्या हाताने काम चालल्यामुळे वेळ लागत होता. बसवून झाल्यावर मला म्हणाले, "हात फिरवून सांगा, जाड लागते का पातळ?" मी रुबाबात "जाड" म्हणून टाकलं. त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी ओट्यावर बसलेल्या आईला हाक मारली. "बाई, तुमी पाहा बरं. भाकरी थापणारा हात खोटं नाही सांगत."

आईने सावकाश बोट फिरवलं. "इथं पातळ हाय, भाऊ."

त्यांनी सगळं उपसून पुन्हा बसवलं. आई "आता सारखं लागते" म्हणाली, तेव्हाच ते चहाला बसले. पुढच्या फेरीला आई माझ्यासोबत यवतमाळला आली, पदर खांद्यावर ठेवून.

ऑगस्टमध्ये मामा गेले. तेरवीला मांडवात माझ्या शेजारी फुलसावंगीचा एक जीपवाला आणि दारव्ह्याचे एक मास्तर बसले होते. गोष्टी निघाल्या. मामा एप्रिलात फुलसावंगीलाही गेले होते, मास्तरांकडेही. दोघांच्या गाड्यांचं रबर त्यांनी आपणहून पुन्हा बसवून दिलं होतं. ते फक्त आपल्याकडेच आले, असं आम्हा तिघांनाही वाटत होतं.

पाण्याचा तांब्या घेऊन आलेल्या मामींनी ते ऐकलं. म्हणाल्या, "शुगरनं त्यायची उजवी बोटं बधिर झालती. मार्चात अंगठा भाजला, फोड आला, तरी त्यायले समजलं नाही. त्याच दिवशी दुकान बंद केलं. कधीपासून समजून नाही राह्यलं, थे सांगता येत नव्हतं. म्हणून हिवाळ्यात बसवलेल्या सगळ्याच गाड्या पाहून आले, एकेक करून."

घरी येऊन मी आईला हे सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिचे हात थांबले.

"चहाचा कप त्यानं डाव्या हातानं घेतलता," ती म्हणाली. "म्या पायलं होतं. पण काहून, थे इचारलं नाही."