आमच्या डोक्यावरचे जर्मन

आमच्याकडे पाहुणा आला की चहा उकळेपर्यंत एक तरी जर्मन किस्सा होतोच. आम्ही काही ते जमवायला बसलो नव्हतो. वरच्या मजल्यावर माणसं राहायला आली आणि किस्से आपोआप खाली झिरपत राहिले.

मार्टिन बुटीबोरीच्या एका कारखान्यात मशिनरी बसवायला आला होता. सोबत बायको कॅट्रीन आणि छोटी लेना. कंपनीशी करार तीन वर्षांचा. मनीषनगरात आमच्या बरोबर वरचा फ्लॅट त्यांना मिळाला.

पहिल्याच सकाळी आमची सौ., म्हणजे शोभा, तर्री-पोहे घेऊन वर गेली. दुभाष्या म्हणून मी मागे. मार्टिनने दार उघडलं आणि फार नम्रपणे इंग्रजीत विचारलं, "आपली भेट आज ठरली होती का?"

मी भीत भीत भाषांतर केलं. शोभा म्हणाली, "त्याले सांगा, पोहे थंडे होऊन राहिले." आणि सरळ आत गेली.

•

पोह्यांचा डबा लगेच परत आला. घासलेला, पुसलेला, चकचकीत आणि रिकामा! शोभाचा चेहरा पडला. शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत, हे मग मीच कॅट्रीनला जिन्यात समजावलं.

त्यानंतर बाईंनी हा नियम असा पाळला की आमच्या नात्यातही कोणी पाळत नाही. कधी केक यायचा, कधी काळा ब्रेड. तो ब्रेड माझ्या कवळीने नाकारला. एकदा त्यांच्या घरात काहीच नसावं, तर डब्यातून कच्चे बटाटे आले. स्वच्छ धुतलेले. शोभाने त्यांची भाजी केली आणि अर्धी वर पाठवली.

•

मार्टिनच्या स्कूटरवर मी एकदाच मागे बसलो. भल्या सकाळी, चौकात चिटपाखरू नाही, आणि हा लाल सिग्नलला थांबलेला. मागून दूधवाला आला. "काहून थांबला गा? गाडी बंद पडली का?"

मार्टिनने सिग्नलकडे बोट दाखवलं. दूधवाल्याने सिग्नलकडे पाहिलं, मार्टिनकडे पाहिलं, आणि तोही थांबला. मला म्हणाला, "पाहुणा माणूस आहे जी, एकटा कसा सोडाचा?"

•

पहिल्या उन्हाळ्यात आमच्याकडे वर्षाचे गहू आले. हमाल पोती उतरवत होते, तेवढ्यात कॅट्रीन जिना उतरली आणि घाबरून तिने विचारलं, "युद्ध होणार आहे का?"

तोवर ती मोडकंतोडकं मराठी शिकली होती. शोभाने कोठी दाखवली, कीड लागू नये म्हणून गव्हात टाकायचा कडुलिंबाचा पाला दाखवला. "ज्याले इथंच राहाचं आहे, तो वर्षाचे भरते. ज्याले जायाचं आहे, तो पुडा आणते."

कॅट्रीनने विचार केला. दुसऱ्या दिवशी तिने पिठाचा एक पुडा आणला आणि शोभाला मुद्दाम दाखवला.

"खरं बोलणारी बाई आहे," शोभा मला म्हणाली. पण त्या दिवशी ती जेवली कमीच.

•

यंदा करार संपायचा होता. लेना आता आमच्या सोफ्यावर पाय वर घेऊन वरणभात खाते आणि लोणच्यासाठी भांडते. मार्टिन सिग्नल तोडणाऱ्याला ओरडतो, "ओ भाऊ, काहून घाई करून राहिले?" आणि मार्चपासून वरून सामान सरकवल्याचे आवाज यायला लागले.

मी म्हटलं, "वर जाऊन विचारतो, केव्हा निघणार म्हणून."

"इचारू नका," शोभा म्हणाली. "इचारलं तं सांगून देतीन ते."

एवढं बोलून ती लेनाचा विसरलेला फ्रॉक उगाच पुन्हा धुवायला बसली. तिला ही माणसं जायला नको होती, एवढंच. मलाही नको होती.

एप्रिलमध्ये एका दुपारी गेटपाशी ठेला थांबला. हमाल पाठीवर पोतं घेऊन जिना चढायला लागला. मी दार उघडून म्हटलं, "अरे, आमचे गहू परवाच आले. चुकला तू."

"तुमचे नाही जी," तो धापा टाकत म्हणाला, "वरच्या मॅडमचे आहेत. अजून पोती आहेत खाली."

मी वळून शोभाला हाक मारणार, तेवढ्यात वरच्या कठड्यावरून कॅट्रीन वाकली.

"शोभाताई, पाला किती टाकाचा वं?"