कीर्तन राहील

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. कोळणीने मासळी कितीही ताजी म्हणून शपथ घेतली तरी मी कल्ले उघडून बघते. कोणी विनाकारण माझ्या तब्येतीची चौकशी केली तर ह्याला काय हवं असेल, असं आधी मनात येतं. माझं माहेर नगरकडचं. तिथे दुष्काळात गोड बोलणारे पुष्कळ आले आणि पाऊस पडायच्या आत निघूनही गेले. त्यामुळे आमचे हे मला म्हणायचे, "तू येशूच्या त्या संशयी शिष्याची धाकटी बहीण. खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याशिवाय तुझा विश्वास बसायचा नाही." मी म्हणायची, त्याने बोट घातलं म्हणून तर बाकीच्यांची खात्री पटली.

कोकणात थळच्या अलीकडे, समुद्राला लागून, त्या काळी एक लहानशी मराठी सेमिनरी होती. खेड्यापाड्यांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांसाठी पाळक, म्हणजे धर्मगुरू, तयार करायचे, एवढंच तिचं काम. हे तिथे कीर्तन शिकवत. ख्रिस्ती कीर्तन म्हटलं की लोक आजही चमकून बघतात, पण आमच्यात ते जुनं आहे. धोतर, उपरणं, पेटी, टाळ, पूर्वरंग, उत्तररंग सगळं तेच, फक्त आख्यान शुभवर्तमानातलं, येशूच्या चरित्रातलं.

यांचं उधळ्या पुत्राचं, येशूने सांगितलेल्या त्या घर सोडून गेलेल्या नि शेवटी परतलेल्या मुलाचं, आख्यान पंचक्रोशीत गाजलेलं होतं. यांचा उधळ्या पुत्र परदेशी वगैरे जात नसे. बापाकडून वाटणी घेऊन तो रेवसला लाँचमध्ये बसे आणि भाऊच्या धक्क्यावर उतरे. मुंबईत सगळं उधळून झालं की चेंबूरच्या बाजूला कुठेतरी डुकरं राखे. इकडे बाप रोज संध्याकाळी रेवसच्या धक्क्यावर उभा. लाँच लागली की उतरणारा एकेक माणूस बघायचा. "ह्यात न्हाय... ह्यातबी न्हाय..." असं हे कपाळावर हात धरून म्हणत, आणि मुंबईला मुलगा असलेली प्रत्येक बाई डोळ्यांना पदर लावी.

त्यांत एक म्हातारी कोळीण होती. आम्हांला मासळी घालायची. शनिवारी विद्यार्थ्यांच्या कीर्तनाची तालीम असे, तेव्हा ती रिकामी टोपली शेजारी ठेवून कुंपणाबाहेर बसायची. आत ये म्हटलं तर येत नसे. "मी आपली हितंच बरी. देव तुमचा, पन ऐकायला काय जातंय?" तिचा धाकटा मुलगा मुंबईत गोदीत होता. तो वर्षानुवर्षं घरी आला नव्हता, हे मला उशिरा कळलं.

एका रविवारी उपासना संपल्यावर प्रिन्सिपॉलसाहेबांनी सांगितलं की आपली सेमिनरी एका मोठ्या ख्रिस्ती विद्यापीठात विलीन होणार आहे. विद्यापीठ दूर उत्तरेला होतं, आगगाडीचा लांबचा प्रवास. साहेब गोरे, पण मराठी चांगली बोलायचे. म्हणाले, "नदी सागरात विलीन होते, तशी आपण मोठ्या कार्यात विलीन होत आहोत." सगळ्यांनी 'आमेन' म्हटलं. मी म्हटलं नाही. आमच्या घराच्या मागेच खाडी होती. उधाणाला बांध फुटला की खारं पाणी भातशेतीत शिरायचं आणि पुढची काही वर्षं तिथे काडी उगवायची नाही. विलीन झाल्यावर गोड्या पाण्याचं काय होतं, ते मी रोज बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोळीण टोपलीशिवाय आली. डोक्यावरून पदर घेतलेला. पायरीवर बसली आणि एकदम गळा काढला, "बाय, मास्तर कसं गेलं गो? कालपरवा तर गात व्हतं!" मला काही कळेना. इतक्यात हे मोरीतून डोक्याला साबण लावलेले तसेच बाहेर आले. तिने किंकाळीच फोडली.

मग उलगडा झाला. स्वयंपाक्याने तिला फाटकात सांगितलं होतं की मास्तरांसकट सगळी सेमिनरी विलीन झाली. तिचा भाऊ मुरुडला असे. जंजिऱ्याचं संस्थान विलीन झालं त्याला फार वर्षं झाली नव्हती. तिकडे जो तो म्हणायचा, नवाब विलीन झाला, नवाब विलीन झाला. मोठी माणसं मेली की त्यांना विलीन झाले म्हणायचं, असा तिने आपला अर्थ लावला होता. वाडीत दोन दिवस हसं चाललं होतं. हे तर मुलांसमोर नक्कल करून दाखवायचे. मीही हसले, पण मला तो शकुन काही बरा वाटला नाही.

यांना कसली काळजीच नव्हती. मला एकच होती. घर कुठेही मिळालं असतं, भाकरीही मिळाली असती. पण यांचं कीर्तन गेलं तर या माणसात काय उरणार, हे मला ठाऊक होतं. हे न्हाताना गायचे, मासे निवडताना मला मदत म्हणून बसायचे आणि गायचे, भांडण झालं तरी रागाने गुणगुणायचे. त्या मोठ्या विद्यापीठात शिकवणं इंग्रजीत आणि हिंदीत. तिथे मराठी कीर्तन कोणाला हवं होतं? कुठेतरी पाणी मुरत होतं.

मग पाहणी करायला तिकडून एक डॉक्टरसाहेब आले. औषधाचे नव्हेत, धर्मशास्त्राचे. आपल्याच देशातले, पण मराठी अजिबात नाही. त्यांनी विहीर बघितली, नारळाची वाडी बघितली, ग्रंथालयात जाऊन पुस्तकांवर बोट फिरवून धूळ बघितली. मुलगी पाहायला आल्यासारखंच सगळं. जेवायला आमच्याकडे होते. तांदळाची भाकरी आणि सुरमईचं कालवण मी केलं, नि वाढताना त्यांचा चेहरा वाचत राहिले. त्यांनी कालवणाची इतकी तारीफ केली की माझा संशय दुणावला. आवळा देऊन कोहळा काढणारी माणसं मी पाहिली होती.

संध्याकाळी त्यांच्यासाठी कीर्तन झालं. यांनी उधळ्या पुत्र लावला. डॉक्टरसाहेब मांडीवर ताल धरून ऐकत होते, पण रेवस आल्यावर सगळे हसले तेव्हा ते थोडे मागाहून हसले. नंतर ओसरीवर चहा झाला. यांना काही विचारायचं सुचेना, म्हणून शेवटी मीच पदर सावरून पुढे झाले. प्रिन्सिपॉलसाहेबांना म्हटलं, "साहेब, एवढं विचारा. तिकडे गेल्यावर यांच्या कीर्तनाचं काय?"

साहेबांनी इंग्रजीत विचारलं. डॉक्टरसाहेबांनी छातीवर हात ठेवून बरंच लांब उत्तर दिलं. साहेब माझ्याकडे वळले आणि हसून म्हणाले, "ते म्हणतात, कीर्तन राहील."

हे खूश झाले. त्यांनी डॉक्टरसाहेबांचा हात दोन्ही हातांत घेतला. मी मात्र घरी येऊन तव्यासमोर बसले आणि तो शब्द घोळवत राहिले. एवढ्या लांब उत्तराचे दोनच शब्द कसे झाले? आणि राहील म्हणजे काय? आपण म्हणतो, मीठ आणायचं राहिलं. म्हणजे आणलं नाही. बोलायचं राहिलं, म्हणजे बोललो नाही. मी यांना म्हटलं, "अहो, कीर्तन होईल असं नाही म्हणाले. राहील म्हणाले."

"साहेबाचं मराठी आहे ते," हे म्हणाले. "गोऱ्या माणसाच्या शब्दाची एवढी चिरफाड करतेस, उद्या शास्त्रातही खोट काढशील."

"शास्त्र कोणी जेवून गेल्यावर सांगितलेलं नाही," मी म्हटलं. हे त्यावर खूप हसले.

तेव्हापासून मी पहारा धरला. प्रिन्सिपॉलसाहेब कोणाशी बोलतात, मुंबईहून आलेला एक कारकून वाडीची हद्द पावलांनी का मोजतो, कोणाची खोली आधी रिकामी होते, सगळ्यावर माझा डोळा. यांना मागे ठेवून बाकीचे निघून जातील असं मला वाटे. सामान बांधायला काढलं तेव्हा पुस्तकं, टेबलं, घंटा, अगदी घड्याळसुद्धा पेंढ्यात घालून खोक्यांत गेलं. पेटी मात्र कोपऱ्यात तशीच. विचारलं तर कळलं, तिकडे मोठा ऑर्गन आहे, पेटी कशाला न्यायची. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ती पेटी लुगड्यात गुंडाळली आणि रेवसच्या लाँचमध्ये मांडीवर घेऊन बसले. नंतर आगगाडीतही ती मांडीवरून उतरवली नाही. हमालाने हात पुढे केला तर त्याच्यावर खेकसले.

निघताना कोळीण धक्क्यावर आली होती. तिने यांना सुकटीची पुरचुंडी दिली. म्हणाली, "मास्तर, तिकडंबी किर्तन करा. थांबू नका."

आता खरं सांगते. कोणी आम्हांला फसवलं नाही. यांना मागे टाकलं नाही, पगार वाढला, राहायला पक्कं घर मिळालं, विजेचा दिवा मिळाला. डॉक्टरसाहेब स्टेशनवर स्वतः घ्यायला आले होते. पहिल्याच महिन्यात यांचं कीर्तन ठेवलं. मोठं सभागृह, खुर्च्या, देशभरचे विद्यार्थी. हे रंगात आले. उधळ्या पुत्र रेवसला लाँचमध्ये बसला आणि सभागृहात कोणीच हसलं नाही. मग यांनी थांबून हिंदीत रेवस कुठे ते समजावलं. भाऊचा धक्का समजावला. बाप धक्क्यावर उभा राहिला तेव्हा कोणाच्याही डोळ्याला पाणी नव्हतं. लोक कौतुकाने टाळ्या वाजवत होते. कीर्तनात अशा टाळ्या वाजवतात का कुठे?

नंतर नाताळच्या कार्यक्रमात थोडा वेळ मिळू लागला. यांना फेटा बांधायला लावत, जो यांनी जन्मात कधी बांधला नव्हता. पुढच्या वर्षी आख्यान आटपून नुसतं नमन झालं. त्याच्या पुढच्या वर्षी कोणी विचारलं नाही, आणि यांनीही विचारलं नाही. वर्गावर हे ख्रिस्ती मंडळीचा इतिहास शिकवत, हिंदीतून, चांगला शिकवत. लोक मान देत. पेटी पलंगाखाली गेली. तिथल्या कोरड्या हवेने तिच्या भात्याला चीर पडली आणि दुरुस्त करायला माणूस मिळेना, असं आम्ही एकमेकांना सांगत असू.

मी संशय घ्यायला माणूस शोधत होते, आणि मला एकही सापडत नव्हता. याचाच मला फार राग यायचा. चोर असता तर ओरडले तरी असते. हे न्हाताना गायचे थांबले, ते नेमकं कधी, तेसुद्धा इतका पहारा ठेवून मला कळलं नाही. एक दिवस मोरीत नुसतं पाण्याचं वाजणं ऐकू आलं, आणि मग लक्षात आलं की असं बरेच दिवस चाललं आहे.

काही वर्षांनी सुट्टीत आम्ही कोकणात आलो. भाऊच्या धक्क्यावरून लाँच धरली. यांनी कोट घातला होता. वाटेत हे रेलिंगला धरून उभे होते. रेवसला उतरलो तर धक्क्यावरच ती कोळीण. खूप थकली होती, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. टोपलीमागे बसून उतरणाऱ्या एकेका माणसाकडे मान वर करून बघत होती. आता ती रोज तिथेच बसते, असं शेजारची म्हणाली.

मी तिच्यापुढे वाकले, ओळख सांगितली. तिने माझा चेहरा हातांनी चाचपला. "आनि मास्तर?"

"हा काय मी," हे म्हणाले.

तिने मान तिरपी करून ऐकलं. तिला आवाज पटलेला दिसला नाही. मग म्हणाली, "मास्तर, तिकडं गेल्यावर किर्तनाचा काय झाला?"

हे तिच्या टोपलीशेजारी उकिडवे बसले. मग म्हणाले, "राहिलं, आजी."

"राह्यलं ना?" तिचा चेहरा उजळला. शेजारच्या बाईला कोपराने ढोसून ती म्हणाली, "आयकलंस? मी म्हनलं नव्हतं, मास्तर थांबायचं न्हाय. किर्तन राह्यलं!"

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जन्मभर शब्दांची चिरफाड केली, पण तेव्हा तोंड उघडलं नाही. तिच्या टोपलीतले बोंबील घेतले, तेही वास न घेता, आणि आम्ही चालायला लागलो.