शुभेच्छांनी भरलेला मेलबॉक्स

आमच्या शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांचा वाढदिवस नांदेड आणि लातूर अशा दोन्ही ठिकाणी साजरा होतो. एकाच दिवशी दोनदा जन्म घेणं कसं जमतं, हे संस्थेत कुणी विचारत नाही. मी नांदेडच्या महाविद्यालयात मराठी शिकवतो. कार्यालयाचे ईमेलही मीच पाहतो, कारण एकदा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी सर्वांसमक्ष काढला होता.

त्या वर्षी लातूरहून अध्यक्षांच्या स्वीय सहायकांचा फोन आला.

"सर, तुमच्याकडल्या मेलमधी 'शुभेच्छा' शब्द दिसला की तो आपोआप साहेबांकडं यायला पायजे. अन साहेबांचे आभार लगेच जायला पायजेत. एकबी सुटायचा न्हाई."

आभाराचा मजकूर तयारच होता: 'आपल्या शुभेच्छा पोचल्या. ऋणी आहे.'

मी सांगून पाहिलं. पुढे पाठवलेला मेल आमच्या पत्त्यावरून निघणार, म्हणजे आभार आमच्याकडेच येणार. त्यातही 'शुभेच्छा' आहे, म्हणून तो पुन्हा साहेबांकडे जाणार आणि साहेब पुन्हा ऋणी होणार. हे थांबायचं नाही. साहेबांच्या पत्त्यावरून आलेलं पुढे पाठवायचं नाही आणि आपोआप आलेल्या मेलला आपोआप उत्तर द्यायचं नाही, एवढ्या दोन अटी घाला.

"साहेबांचा मेल अडवायचा म्हणता?" त्यांनी विचारलं.

मी फोन ठेवला. सेटिंग बदलण्याचे अधिकार लातूरकडे होते. मला मेल फक्त वाचता आणि पुसता येत.

वाढदिवसाचा तोच दिवस नांदेडच्या वसतिगृहातल्या रिकाम्या जागेसाठी बदलीचे अर्ज आमच्या कार्यालयाच्या मेलवर पाठवण्याचाही शेवटचा होता. किनवटला संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका या जागेवरचे अधीक्षक निवृत्त होण्याची कधीपासून वाट पाहत होत्या. त्यांच्या नवऱ्याचं डायलिसिस नांदेडला चालतं. दर खेपेला त्याला रेल्वेत बसवून आणायचं, रात्री परत न्यायचं. शिफारशीची सही त्यांना त्या दिवशी दुपारी मिळाली.

थोड्या वेळानं त्यांचा फोन आला. "सर, अर्ज माघारी येऊन राहिला. इंग्रजीत कायतरी लिहून येतंय."

मेलबॉक्स भरला होता. नांदेडनं लातूरला शुभेच्छा पाठवायच्या, लातूरनं नांदेडचे आभार मानायचे, हे सकाळपासून अखंड चाललं होतं. दोन्हीकडची माणसं मात्र मांडवात होती.

मी मेल पुसत गेलो आणि त्यांना म्हणालो, "मॅडम, आता पाठवा." किनवटला रेंज यथातथाच. त्यांची कागदपत्रं वर चढेपर्यंत इकडची रिकामी जागा साहेबांच्या कृतज्ञतेनं भरून जायची. असं तीनचारदा झालं. शेवटी मी लातूरला फोन लावला. मागे हलगी वाजत होती.

"आत्ता हार घालणं चालू हाय, सर."

"निदान माझ्या मेलवर तरी अर्ज घेऊ द्या."

"परिपत्रकात एकच पत्ता हाय. दुसरीकडं आलेला धरता येत न्हाई."

संध्याकाळी मुदत संपली.

दुसऱ्या दिवशी त्या दोन्ही अटी घातल्या गेल्या. त्याचं परिपत्रक निघालं. भाषा माझी, सही स्वीय सहायकांची. आठवड्याभरानं सत्काराच्या भाषणात अध्यक्ष म्हणाले, "लोकांनी एवढं प्रेम दिलं, की कॉम्प्युटरनं हात टेकले." टाळ्या पडल्या. मी पहिल्या रांगेत होतो, मीही वाजवल्या.

ती जागा लातूरच्या एका अर्जदाराला मिळाली. त्याचा अर्ज आदल्या दिवशीच आला होता. त्यात त्याचा काही दोष नाही.

पुढच्या खेपेला मॅडम नवऱ्याला दवाखान्यात सोडून कार्यालयात आल्या. तक्रार केली नाही. चहा घेतला, मग विचारलं, "नवे अधीक्षक वयानं कसे हायेत, सर?"

"तरुण आहेत," मी म्हणालो.

"हाव का," त्या म्हणाल्या, आणि परतीच्या गाडीची वेळ विचारू लागल्या.