वाऱ्याच्या पिशवीचा परकर

मी एकदा विमानाची पिशवी परकर म्हणून नेसले होते. हसा, हसा... माझी नातवंडंही हसतात. नव्वदी ओलांडली, आता माझी अब्रू काय जायची राहिलीय!

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता. तिठ्यावर कुणी उताऱ्याचा नारळ ठेवला, तर तो घरी आणून चटणी वाटणारी मी बाई. तरीपण...

गाव आमचं कुरुंद्याजवळ, वसमत तालुक्यात. तेव्हा निजामाचं राज्य. मोठ्या लढाईच्या आधी सरकारनं आमच्या माळावर विमान उतरायचं मैदान केलं होतं. बैलांकडून दगडी रूळ ओढवून जमीन सपाट केलेली, मधोमध चुना फासलेल्या दगडांचा गोल, आणि उत्तरेच्या कडेला एक उंच खांब. माझे वडील — आमी त्यांना बा म्हणायचो — तिथले चौकीदार. गुरं हाकलायची, जमीन राखायची, आणि विमान येणार असलं की खांबावर कापडाची लांब पिशवी चढवायची. वाऱ्यानं ती फुगते, शेपूट ताठ होते. वारा कुठून कुठं चाललाय ते पायलटला वरून कळतं, आणि तो वाऱ्याला तोंड देऊन उतरतो. विमान वर्षातून एखादं यायचं. एरवी पिशवी मैदानाच्या दक्षिणेला आमच्या घरात, पेटीत.

हे सगळं मला मागाहून कळलं. तेव्हा माझ्या चौदा वर्षांच्या अकलेला एवढंच दिसलं, की पिशवी दोन्हीकडून उघडी! शेरभर ज्वारी टाकली तर शेरभर खाली. असली वाया गेलेली पिशवी सरकारनं काहून शिवली असंल? एक तोंड रुंद, एक अरुंद... म्हणजे परकरच की! लढाईमुळं कापड कंट्रोलवर, मोजून मिळायचं, आणि दिवाळी तोंडावर. मी लांबीला कात्री लावली, अरुंद बाजूला नाडा ओवला. पांढऱ्यावर लाल पट्टे. मी स्वतःला राजकन्या समजले. गाढव होते, गाढव.

दुसऱ्याच दिवशी भर दुपारी घरघर ऐकू आली. ना पत्र, ना सांगावा. पश्चिमेकडून एक लहानसं विमान खाली खाली येत होतं, आणि त्याचं इंजिन म्हाताऱ्यासारखं खोकत होतं. बा पेटीकडं धावले. पेटी रिकामी.

"चंद्रे! पिशवी कुठाय?"

मी छपराखाली उभी. त्यांची नजर माझ्या कमरेवर आली. वाटलं, आता झोडपतात. पण बांनी मैदानाच्या पश्चिम टोकाकडं बोट केलं.

"तिकडं पावसानं ओघळ पाडलाय गं... उद्या बुजवतो, उद्या बुजवतो करून राहिलो. गवतात दिसायचा न्हाई. तिकडून टेकलं तर मानूस मेला!"

ते हात हलवत, ओरडत पळत सुटले. विमान तर समोरच ओघळाच्या रोखानं उतरत होतं.

आणि माझा परकर ओढला गेला.

वारा नव्हता. समोरच्या लिंबाचं पान हलत नव्हतं, चुलीचा धूर सरळ वर चाललेला. पण परकराची कड पूर्वेकडं ताठ उभी राहिली... कुणी मुठीत धरून ओढावी तशी. मी छपराच्या मेढीला मिठी मारली. तेवढ्यात विमानानं तोंड वर केलं, आमच्या डोक्यावरून गेलं, लांब वळसा घेऊन पूर्वेकडून आलं आणि उतरलं. परकराची कड खाली आली, एरवीसारखी.

पायलट उतरला. हैदराबादचा, वाट चुकलेला, पेट्रोल संपत आलेलं. त्यानं बांचे दोन्ही हात धरले.

"मियाँ, झोला बराबर लगाए थे तुम! पूरब को तना हुआ था, लाल पट्टे साफ दिखे. उसी को देखके घुमाया, नहीं तो सीधा उतर जाता."

मग त्यानं खांबाकडं पाहिलं. खांब बोडका.

"इतनी जल्दी उतार भी दिए?"

"जी, हुजूर," बा म्हणाले. जन्मात एवढंच खोटं बोलले असतील.

नातू म्हणतो, "आज्जे, त्यानं तुझा परकरच पाहिला असंल." अरे बाबा, मी छपराखाली! वरून त्याला पत्रे दिसले असतील. आणि खांब मैदानापल्याड. मैदान तर कधीच मोडलं, तिथं आता हळद लावतात. मी मात्र अजून त्या दुपारची गाठ सोडवू शकले नाही.

संध्याकाळी बा मला ओघळापाशी घेऊन गेले. चाकांच्या खुणा ओघळाच्या चार पावलं अलीकडं थांबलेल्या. ते खांबाकडं वळले. मग डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं आणि मला म्हणाले, "चंद्रे, तू पिशवी फाडली, म्या ओघळ बुजवला न्हाई. आज नौकरीवर एकटा खांबच होता."