आठ मोजेपर्यंत

आमचा बँड दुसऱ्यांचीच गाणी वाजवतो. पन्नास वर्षांपूर्वीच्या एका इंग्रजी रॉक ग्रुपची, जशीच्या तशी, मूळ रेकॉर्डवर खोकला असेल तर खोकल्यासकट. जळगावात माझं रंगाचं दुकान आहे. दर रविवारी मागच्या गोदामात, डब्यांच्या मधोमध, आम्ही चौघं सराव करतो. गिटार माझी, त्यामुळे हुकूमही माझा. माझ्या जिभेला हाड नाही हे घरी बायको सांगतेच. बँडमध्ये सांगायची कुणाची हिंमत नाही.

ड्रमवर चाचा. तीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये त्यांनी ढोल वाजवला, मग डीजे आले आणि ते काम गेलं. हात असा तयार की मूळ ड्रमरनेही मान डोलवावी. अडचण एकच होती. एका गाण्यात मध्येच सगळं थांबतं, आठ मोजेपर्यंत चिडीचूप, आणि मग आम्ही एकदम कोसळतो. चाचांना थांबताच येईना. पाचाला त्यांची काडी पडायचीच.

"ताल थांबना का नवरदेवनी घोडी बिचकस, भाऊ," ते ओशाळून म्हणायचे.

"इथे घोडी कुठाय?" मी ओरडायचो. एकदा सगळ्यांदेखत 'नाचता येईना अंगण वाकडं' असंही म्हणालो. वयाने ते माझ्या वडिलांच्या जवळपास.

धुळ्याचा कार्यक्रम ठरला तेव्हा मी त्यांना बजावलं, तिथे चुकलात तर पुढची गाणी दुसरा वाजवेल. नुसती धमकी नव्हती. धुळ्यातल्याच एका बँकेत काम करणारा ड्रमर मी खरोखर विंगेत आणून बसवला. पारोळ्यापर्यंत चाचा गाडीत मांडीवर बोटांनी आठ मोजत होते. त्यांची मुलगी धुळ्यात दिलेली. ती आणि जावई पहिल्या रांगेत येऊन बसले होते. बापाला रस्त्यात उभं राहून नाही, तर स्टेजवर बसून वाजवताना ती पहिल्यांदाच पाहणार होती.

ते गाणं आलं. आम्ही थांबलो. एक, दोन. कुणीतरी शिट्टी मारली. तीन. मागून आवाज आला, "अहिरानी गानं व्हऊ द्या!" लोक हसले. माझे कान तापले. चाचांच्या काड्या हवेत तशाच स्थिर होत्या. आणि पाचाला माझाच हात तारांवर पडला.

चाचांनी क्षणात माझ्यामागे झांज हाणली आणि गाणं सावरलं. पण चूक झाल्याचं लोकांना कळलं होतं, आणि आमच्या बेसवाल्याने सवयीने चाचांकडेच वळून पाहिलं. गाणं संपल्यावर चाचा उठले, सगळ्यांना ऐकू जाईल असं "मी चुकनू" म्हणाले, आणि विंगेत जाऊन बँकवाल्याच्या हातात काड्या दिल्या. मी मागे धावलो.

"बँडमास्तरनी चूक ढोलवालानी आंगवर लेवानी," ते हळूच म्हणाले. "आमनाकडे तशीच रीत शे. जा, लोके वाट देखी ऱ्हायनात."

आणि मी गेलो. लिहायला लाज वाटते, पण त्या वेळी मला सुटल्यासारखंच वाटलं. आपला तो बाब्या, म्हणतात ते उगाच नाही. बँकवाल्याने पुढचं गाणं चोख वाजवलं. माझं मात्र त्या गाण्यात एकाही सुरावर लक्ष लागेना. ते संपताच मी माइक ओढला. "मघाशी चुकलो तो मी. चाचांची चूक नव्हती." टाळ्या पडल्या. मी विंगेत जाऊन चाचांना हाताला धरून बाहेर आणलं.

ड्रमवर बसता बसता त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. मुलीची आणि जावयाची, दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या.

"एक गाणं उशीर व्हयना, भाऊ," चाचा म्हणाले, आणि पुढच्या गाण्यासाठी मोजायला लागले.