माझा माणूस कसा होता

भूकंपात निलंग्याजवळचं घर पडलं, तेव्हा आत्या लातूरला माझ्याकडे राहायला आली. मी एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचो. तिच्या नवऱ्याला एका कुप्रसिद्ध टोळीनं मारलं होतं. हायकोर्टानं टोळीच्या म्होरक्याची फाशी रद्द करून जन्मठेप दिली आणि तेव्हापासून घरी येणारा प्रत्येकजण आत्यासमोर आपलं मत ठोकून जायचा. मला अगदी वीट आला होता.

एका रविवारी दोन पालक मुलांच्या ॲडमिशनचं विचारायला आले.

"फाशीच पाहिजे होती त्याला," एकजण म्हणाले.

"न्हाई, फाशीनं सुटतो तो. सडू द्या जेलात," दुसरे म्हणाले.

अर्धा तास हेच चाललं. चहा निवून गेला.

"मघापासून भांडायलात," आत्या शेवटी कडाडली, "पण माझा माणूस कसा होता, हे एकानं तरी इचारलं का?"

दोघं वरमले आणि थोड्या वेळानं उठून गेले. मीही कधी विचारलं नव्हतं. त्या दुपारी विचारलं. आत्याचे यजमान शिंपी होते, एवढंच मला ठाऊक होतं. मशीन चालवताना ते शीळ घालायचे, हे तेव्हा कळलं.

"लई बेसूर," आत्या म्हणाली आणि संध्याकाळपर्यंत बोलत राहिली.