शिवू सोडून सगळे बोलतात

थेरपी क्लिनिकच्या बाहेर एक लांब बाक आहे. आत पोरांची थेरपी चालते, बाहेर घरचे बसतात. तिथं टीव्ही नाही, चहा नाही, आणि प्रत्येकाच्या पोटात एकच भीती. ती तर कोणी बोलून दाखवत नाही. मग माणसं दुसऱ्याच्या घरचं सांगत बसतात. दुसऱ्याच्या नावानं स्वतःच्या घरचंही सांगतात. असं करत करत माझ्याजवळ इतके किस्से साठलेत, की त्यातला एखादा शब्द जरी आमच्या शिवूच्या तोंडून निघाला असता तरी आम्ही गावभर पेढे वाटले असते.

शिवू माझ्या दादाचा मुलगा. चार पूर्ण झाले, पाचवं सुरू. एक शब्द बोलत नाही. दादा मंचेरियलला कोळसा खाणीत कंत्राटावर आहे. रविवारी येतो, जेवतो, झोपतो, "आबा म्हनते तसं करा" एवढं बोलून परत जातो. आबा म्हणजे आमचा बाप. तो वहिनीला एकटीनं थेरपीसाठी आदिलाबादला जाऊ देत नाही. मी डिग्री दुसऱ्या वर्षाला सोडली, तेव्हापासून घरातल्या कोणत्याही कामाला "ते रिकामीच हाये" म्हणून माझंच नाव निघतं. म्हणून आमच्या गावाहून, जैनथहून, बसनं शिवूला नेणं-आणणं आम्हा दोघींकडे.

आबानं थेरपीला मुदत दिली होती. "दसऱ्यापर्यंत बोलला तं ठीक. नाही तं माहा इलाज मी करतो." त्याचा इलाज म्हणजे डाग. उटनूरच्या रस्त्याला एका गावात एक माणूस विळा तापवून लेकरांच्या पोटावर टेकवतो. त्यानं जीभ सुटते म्हणे. असं म्हणणारे सगळे साठीच्या पुढचे.

* * *

पहिल्या दिवशी आबा आमच्यासोबत आला होता. थेरपीच्या मॅडम हैदराबादकडच्या. तेलुगू बोलतात, आमच्याशी हिंदी. त्या वहिनीला विचारायच्या आणि उत्तर आबा द्यायचा.

"बच्चा बोलता है?"

"हमारे घर में सब लेट बोलते. इसका बाप भी पाँच साल में बोला."

साफ खोटं. आई सांगते, दादा दीड वर्षाचा असताना कावळ्याला शिव्या द्यायचा.

मॅडम शिवूच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी नावानं हाक मारली. शिवू खेळण्यातल्या ट्रकचं चाक फिरवत होता. वळला नाही. आणखी हाक मारली. नाहीच वळला. मग मॅडम शेजारच्या खोलीत गेल्या आणि तिथून बिस्किटाच्या पुड्याचा कागद चुरगाळला. शिवू ताडकन उठून दाराकडे पळाला.

आबा खूश. "पाहा, कान मस्त हायेत पोट्ट्याचे. उगीच भेवाडून राह्यल्या तुमी."

वहिनीनं माझा हात धरला. तिला कळलं होतं. त्याला ऐकू येत नसतं तर मशीन लावता आलं असतं.

* * *

मॅडमनी सांगितलं, "घर में एक ही भाषा में बात करो." आमच्या घरात मराठी, टीव्हीवर हिंदी, अंगणवाडीत तेलुगू. लेकरू गोंधळतं, असं त्यांचं म्हणणं. एवढंच सांगितलं होतं.

घरी आल्यावर आबानं पंचायत भरवली. पंचायत म्हणजे तो एकटाच. "शाळा तेलुगू, हाफीस तेलुगू, कलेक्टर तेलुगू. मंग भाषा कोनती? आजपासून लेकरासमोर मराठी बंद."

आबाला तेलुगू येते ती कापसाच्या बाजारापुरती. 'एंता' म्हणजे केवढ्याला, 'लेदु' म्हणजे नाही. तो सकाळी शिवूला मांडीवर घेऊन बसायचा आणि लाडानं म्हणायचा, "एंता? एंता रे एंता?" जसं काही पोराचा भाव लावून राह्यला. आईला दोन शब्द यायचे, तेही बस कंडक्टरनं शिकवलेले. आणि वहिनी तर पैनगंगेच्या पलीकडची, महाराष्ट्रातली. तिला एकही शब्द येत नव्हता.

म्हणून वहिनी गप्प झाली. आंघोळ घालताना गप्प, भरवताना गप्प, झोपवताना गप्प. घरात भांड्यांचा आवाज तेवढा. आधी शिवू तिच्या मांडीवर झोपताना तिच्यासोबत "अंऽऽ" असा सूर लावायचा. शब्द नव्हता, पण आवाज होता. तोही थांबला.

पुढच्या खेपेला मॅडमनी विचारलं, "ये आवाज करता था, बंद क्यों हुआ?" मी सगळं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "मैंने तेलुगु कब बोला? माँ की भाषा बोलो."

मी घरी येऊन आबाला सांगितलं. आबा म्हणाला, "तिले आपली मराठी मंजूर हाये म्हंता? मानूस चांगला दिसते."

तो "अंऽऽ" मात्र परत यायला पावसाळा अर्धा सरला.

* * *

आदिलाबादच्या बसस्टँडवर शिवू हरवला. वहिनी केळी घेत होती, मी बस बघत होते. दोघींना वाटलं, दुसरीच्या हातात आहे.

आम्ही दोघी "शिवू, शिवू" ओरडत पळालो. पळता पळताच मला कळलं की आपण काय मूर्खपणा करून राह्यलो. जो नाव घेतल्यावर समोरच्या समोर वळत नाही, तो गर्दीत काय वळणार?

चौकशीच्या खिडकीतला माणूस भला होता. म्हणाला, "माइक पे बोलता हूँ. बच्चा नाम सुनके आ जाएगा."

वहिनी म्हणाली, "नहीं आएगा."

"तो कोई पूछेगा तो नाम बताएगा ना?"

"नहीं बताएगा."

"माँ-बाप का? गाँव का?"

वहिनीनं मान हलवली. त्यानं माइक खाली ठेवला. "तो अम्मा, मैं क्या बोलूँ?"

शिवू सापडला तो उभ्या बसच्या खाली. मागच्या चाकाजवळ उकिडवा बसून चाकाच्या नटावर बोट फिरवत होता. ड्रायव्हर वर चढून बसला होता. शेंगा विकणाऱ्या बाईनं बसचा पत्रा बडवला, म्हणून ती बस सुटली नाही. मी त्याला ओढून काढलं तर तो रडला, चाक सोडावं लागलं म्हणून.

घरी आबा म्हणाला, "दोघी असून एक पोट्टं सांभाळता येत नाही?" तो स्वतः त्या वेळी पारावर पत्ते खेळत होता.

वहिनीनं शिवूच्या सगळ्या शर्टांना आतून दोऱ्यानं फोन नंबर शिवले. शिवता शिवता मला म्हणाली, "ताई, तो मले आई नाही म्हनला तरी चालते. नुसतं नाव अन् गाव आलं पाह्यजे."

* * *

मला बघायला पाहुणे आले. आबाचा हुकूम सुटला, शिवू दिसला नाही पाहिजे. "पोरीचं स्थळ मोडते." वहिनीला आणि शिवूला मागच्या खोलीत घातलं, हातात मोबाइल दिला, बाहेरून कडी लावली.

मी पोहे घेऊन गेले तेव्हा मोबाइलची बॅटरी संपली असावी. मागून आवाज आला. धप. थांबून परत धप. शिवू घाबरला की दारावर डोकं आपटतो.

मुलाच्या आईनं विचारलं, "काय आवाज हाये हा?"

आबा डोळ्याची पापणी न हलवता म्हणाला, "वासरू हाये. नवीन हाये, दाव्याची सवय नाही त्याले."

"घरात बांधता?"

"थंडीचं."

त्या दिवशी घामानं सगळ्यांचे शर्ट पाठीला चिकटले होते.

मी ट्रे खाली ठेवला आणि जाऊन कडी काढली. दाराच्या मागं वहिनी बसली होती. शिवूचं कपाळ आणि दार यांच्यामध्ये तिनं आपला तळहात धरला होता. हात सुजून लाल झाला होता. शिवू बाहेर आला, पाहुण्यांमधून चालत गेला आणि पंख्याखाली उभा राहून वर बघायला लागला. पोहे तसेच राहिले.

निघताना मुलाची आई अंगणात चप्पल शोधायच्या निमित्तानं मागं राहिली. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "आमच्या घरी बी एक हाये. माह्या पोरीचं. कुठं नेता तुमी?"

लग्न जमलं नाही. 'पोरगी तोंडाची फटकळ दिसते' असा निरोप आला. क्लिनिकचा पत्ता मात्र मी दिला.

* * *

एकदा वहिनीला ताप होता म्हणून आबा माझ्यासोबत आला. बाकावर शेजारी एक म्हातारी होती, मांडीवर सहा-सात वर्षांची नात. पोरगी अगदी शांत. इतकी शांत की मला आधी वाटलं, झोपलीय. डोळे उघडे होते.

उकडत होतं. म्हातारीनं घाम पुसायला नातीचा फ्रॉक वर केला. बेंबीच्या भोवती चंद्रकोरीसारखे डाग. जुने, पांढरट पडलेले.

मी नजर काढून घेतली. आबा पुढं सरकला.

"कुठून देला?"

म्हातारीनं गाव सांगितलं. उटनूरच्या रस्त्याचंच.

"मंग? बोलते आता?"

म्हातारी फ्रॉक सारखा करत म्हणाली, "बोलत नाही बापा. पन तेव्हापासून रडनं बंद झालं तिचं."

आबा मान हलवत म्हणाला, "म्हनजे काही तरी फरक पडते."

* * *

दसरा झाला. शिवू बोलला नाही.

त्या महिन्यात मॅडमनी त्याला बारीचा म्हणजे पाळीचा खेळ शिकवला होता. एकदा तुझी बारी, एकदा माझी. चेंडू टाकायचा, आणि पुढची बारी ज्याची असेल त्याच्या छातीवर हात ठेवायचा. शिवूला हा खेळ जमला. आम्ही घरी खेळायचो तेव्हा आबानं त्यात आपला कायदा घुसवला. आमच्या घरात आबाच्या आधी कोणी जेवत नाही, कोणी आंघोळ करत नाही. "पयले मोठ्याची बारी. लेकराले आतापासूनच वळन पाह्यजे." मग चेंडू असो, बिस्किट असो, औषधाची गोळी असो, शिवू आधी आबाच्या छातीवर हात ठेवायचा, थांबायचा, आणि आबाचं झाल्यावरच आपलं घ्यायचा. आबा सगळ्या गावाला दाखवायचा.

एका सकाळी आबा म्हणाला, "आज मी घेऊन जातो थेरपीले. तू चाल सोबत, वहिनी राहू दे." आबानं बसऐवजी ठरवलेला ऑटो आदिलाबादला थांबला नाही. उटनूरच्या रस्त्याला लागला तेव्हा मला कळलं. मी ओरडले, ड्रायव्हरला शिव्या दिल्या. तो आबाच्या ओळखीचा. दादाला फोन लावला तर तो म्हणाला, "आबा हाये ना सोबत?" आणि पुढं झाडी सुरू झाली, रेंज गेली. शिवू ऑटोतून हात बाहेर काढून वारा धरत होता.

तो डाग देणारा माणूस आमच्यासारखंच बोलणारा, धुतलेल्या धोतराचा, दिसायला सभ्य. चुलीत विळा आधीच घातलेला होता. मी आत घुसले तर त्याच्या बायकोनं दारात माझे दोन्ही दंड धरले. बाई अंगानं दणकट होती. मला हलता येईना.

शिवूला चटईवर निजवलं. शर्ट वर केला. वहिनीनं शिवलेला नंबर उलटा होऊन वर आला. विळा बाहेर निघाला, लाल. शिवू त्याच्याकडे टक लावून बघत होता. त्याला चमकणारं सगळं आवडतं.

"हात धरा पोट्ट्याचे," माणूस म्हणाला.

आबा वाकला. शिवूनं एक हात सोडवून घेतला आणि आबाच्या छातीवर ठेवला. थांबला. आबा हलला नाही, तेव्हा त्यानं आबाचा सदरा धरला आणि पोटापासून वर ओढला.

"काय करून राह्यलं हे?"

आबा म्हणाला, "माही बारी हाये म्हनते. पयले मोठ्याची."

माणूस हसला. आबा हसला नाही. तो खाली बसला आणि सदरा स्वतःच्या हातानं वर धरला. "मंग ठेवा माह्या पोटाले पयले. तो पाहीन, मंग भेनार नाही."

"तुमाले नाही लावत मी."

"काऊन?"

"म्हातारी कातडी. लय जळते. पिकली तं भरत नाही. उद्या तुमचे लोकं माह्या दारात येतीन भांडाले."

"अन् लेकराची?"

माणसानं विळा परत चुलीत सारला.

"लेकरू कोनाले सांगते?"

आबानं शिवूचा शर्ट खाली ओढला.